एलईडीला डिमर लावायचाय? आधी वर बघा, मग बोर्डाकडे

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला तिच्या खोलीतले दिवे खुपायला लागले. छतात चार डाउनलाइट, प्रत्येकी आठ वॅटचे, पांढरेफटक. "डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतं गं," म्हणायची. मी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनना बोलावलं. त्यांनी दुकानातून ४०० वॅटचा डिमर आणला, अर्ध्या तासात बसवला, मजुरी घेतली आणि गेले. रात्री दिवे लावले तर नॉब अर्ध्यापर्यंत फिरवूनही उजेड तसूभर कमी होईना. त्याच्या खाली नेला की चारही दिवे मांडवातल्या माळेसारखे लुकलुकायला लागायचे. वर छतात भुंगा अडकल्यासारखा आवाज. आई म्हणाली, "अगं, हे दिवे गुणगुणतायत का?"

सकाळी फोन केला. "ताई, डिमर एक नंबर आहे, लाइटच भंगार आहेत," असं इलेक्ट्रिशियन म्हणाले. लाइटवाल्या दुकानदाराचं म्हणणं बरोबर उलटं. खरं म्हणजे दोन्ही वस्तू धडधाकट होत्या. त्यांची पत्रिका जुळत नव्हती, एवढंच. ती कशी जुळवायची हे मी नंतर पैसे घालवून शिकले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

नॉब उजेड कमी करत नाही

जुन्या काचेच्या बल्बात एक तार असायची. तिला वीज कमी मिळाली की ती कमी तापायची आणि कमी उजळायची. मध्ये कोणी मध्यस्थ नव्हता, त्यामुळे कुठलाही डिमर कुठल्याही बल्बला चालायचा.

एलईडीच्या पोटात मध्यस्थ असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात, काही दुकानांत अजून चोकच म्हणतात. घरातली २३० व्होल्टची वीज घ्यायची आणि एलईडीला लागेल तेवढाच करंट सोडायचा, हे त्याचं काम. साध्या ड्रायव्हरला एकच धडा शिकवलेला असतो: वरून व्होल्टेज कितीही खालीवर होवो, एलईडीला ठरलेला करंट द्यायचाच. म्हणून गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की पंखा रडत फिरतो, पण चांगला एलईडी बल्ब तसाच लख्ख असतो. एरवी हा त्याचा गुण. डिमर लावला की हाच अवगुण ठरतो, कारण नॉब फिरवून तुम्ही वीज कमी करता आणि ड्रायव्हर इमानदारीत ती तूट भरून काढतो. भरून काढणं अशक्य झालं की तो बंद पडतो, पुन्हा सुरू व्हायला बघतो, पुन्हा बंद पडतो. आईच्या खोलीतली माळ ती हीच.

डिमेबल ड्रायव्हर वेगळा असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिची लाट सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते आणि प्रत्येक अर्धी लाट १० मिलिसेकंदांची असते. डिमर या प्रत्येक अर्ध्या लाटेचा एक तुकडा कापून टाकतो. डिमेबल ड्रायव्हर किती कापलंय हे बघतो आणि त्या मानाने एलईडीचा करंट कमी करतो. म्हणजे भिंतीवरचा डिमर फक्त खूण करतो. दिवा मंद करण्याचं काम छतातला ड्रायव्हर करतो. म्हणून डिमर निवडायची सुरुवात बोर्डापासून नाही, छतापासून करायची.

पहिली पायरी: छतात नेमकं काय आहे?

स्टूल घ्या, वर बघा. घरात साधारण चार प्रकार सापडतात.

पहिला, होल्डरमधला बल्ब, पिनवाला किंवा आट्यांचा. ड्रायव्हर त्याच्या आतच असतो, त्यामुळे तो डिमेबल नसेल तर बल्ब बदलण्यावाचून इलाज नाही. आणि बहुतेकदा तो डिमेबल नसतोच. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. स्वस्त आणि टिकाऊ बल्ब घराघरांत पोहोचवायचा हा त्यामागचा उद्देश होता, डिमर कोणाच्या मनातही नव्हता. किराणा दुकानात मिळणारा नऊ वॅटचा बल्बही त्याच जातीचा.

दुसरा, फॉल्स सीलिंगमधले डाउनलाइट, पॅनल आणि स्पॉटलाइट. यांचा ड्रायव्हर बहुतेक वेळा वेगळा असतो, वायरच्या टोकाला काडेपेटीएवढी पांढरी डबी. ही चांगली बातमी आहे, कारण दिवा तसाच ठेवून नुसती डबी बदलता येते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

तिसरा, कोव्हमधली (छताच्या कडेच्या खाचेतली) किंवा टीव्ही युनिटमागची पट्टी. ती १२ किंवा २४ व्होल्टची असेल तर तिला वेगळा पॉवर सप्लाय असतो, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात. तिचा न्याय पूर्ण वेगळा आहे.

चौथा, मोबाइलवर चालणारा स्मार्ट बल्ब. त्याला भिंतीवरचा डिमर कधीही लावायचा नाही. मंद होण्याची सोय त्याच्या आतच असते आणि त्याला पूर्ण, न कापलेली वीज लागते.

दुसरी पायरी: खोका आणि डबी वाचणे

बल्बच्या खोक्यावर "डिमेबल" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो डिमेबल नाही असंच धरा. काही खोक्यांवर नॉबचं छोटं चित्र असतं आणि त्यावर काट मारलेली असते. त्याचा अर्थ डिमरवर लावू नका. ही काट खोक्याच्या तळाशी, बारकोडशेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत लपलेली सापडते. दुकानदार "चालतो हो, सगळे लावतात" म्हणाला तरी खोक्याचं ऐका. बल्बवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या. एलईडी बल्बांसाठी आयएस १६१०२ हे मानक आहे. मात्र या शिक्क्यावरून बल्ब डिमेबल आहे की नाही ते कळत नाही. गल्लत करू नका.

डाउनलाइटच्या डबीवरचं लिखाण जास्त कामाचं. माझ्याकडच्या एका डबीवर आउटपुट म्हणून ३०० मिलिअँपिअर आणि २४ ते ४२ व्होल्ट डीसी असं होतं. नवीन डिमेबल ड्रायव्हर घेताना मिलिअँपिअरचा आकडा अगदी तोच हवा, आणि व्होल्टचा पट्टा जुन्याइतका किंवा त्याला पोटात घेणारा. ३०० च्या जागी ३५० वाला लावला तर दिवा झगझगीत होईल, जास्त तापेल आणि लवकर मान टाकेल. नुसते वॅट जुळवून ड्रायव्हर घेणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही फोनमध्ये डबीच्या लेबलचा फोटो काढा आणि तो दुकानदाराला दाखवा. मुंबईत लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली, अशा ठिकाणी हे ड्रायव्हर सुटे मिळतात. गल्लीतल्या दुकानात बहुधा मिळणार नाहीत. लाल आणि काळी वायर उलटी जोडली तर दिवा लागणार नाही. आणि स्वस्त ड्रायव्हरमध्ये आउटपुटची बाजू मेनपासून वेगळी केलेली नसते. ४२ व्होल्टच तर आहेत म्हणून त्या वायरींना चालू असताना हात लावाल तर झटका २३० चा बसेल.

ड्रायव्हरवर "ट्रायॅक डिमेबल" लिहिलेलं शोधा, म्हणजे भिंतीवरच्या डिमरने मंद होणारा. "०-१० व्होल्ट" किंवा "डाली" लिहिलेलं असेल तर तो ड्रायव्हर ऑफिस-हॉटेलांसाठीचा. त्याला इशाऱ्याच्या वेगळ्या वायरी टाकाव्या लागतात. भिंती फोडायची हौस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

तिसरी पायरी: डिमरची जात

दुकानात एकसारख्या दिसणाऱ्या नॉबमागे तीन वेगवेगळ्या वस्तू असू शकतात.

पहिली म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. ऐकायला गंमत वाटेल, पण मॉड्युलर प्लेटमध्ये दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात आणि वायरमन मंडळी बिनदिक्कत एकाच्या जागी दुसरा लावतात. एक-दोन-तीन-चार अशा पायऱ्यांचा रेग्युलेटर आत कपॅसिटर घेऊन बसलेला असतो. तो पंख्याच्या मोटरसाठी बनवलेला आहे. एलईडी त्यावर मंद होत नाही, नुसता वेड्यासारखा वागतो. उलटही तितकंच चूक: दिव्याच्या डिमरवर पंखा लावाल तर पंखा गुणगुणेल आणि डिमर तापेल.

दुसरी, जुन्या वळणाचा ट्रायॅक (आतला इलेक्ट्रॉनिक स्विच) डिमर. हा अर्ध्या लाटेची सुरुवात कापतो, म्हणून त्याला लीडिंग एज म्हणतात. मधूनच एकदम धाडकन वीज सोडतो. जुन्या बल्बच्या तारेला त्याचं काही वाटत नसे. पण एलईडी ड्रायव्हरच्या तोंडाशी कपॅसिटर असतो, तो प्रत्येक धडकेला करंटचा घोट घेतो. सेकंदाला १०० धडका. छतातला भुंगा तिथून येतो.

तिसरी, ट्रेलिंग एज. हा लाट शून्यापासून सुरळीत चढू देतो आणि शेवटचा भाग कापतो. धडक नाही, त्यामुळे आवाज कमी, ड्रायव्हरला त्रास कमी, आणि बहुतेक वेळा उजेड जास्त खालपर्यंत शांतपणे उतरतो. महाग असतो. तरीही नव्याने घेत असाल तर माझा कौल याला. खोक्यावर "एलईडी डिमर" किंवा "ट्रेलिंग एज" असेल, किंवा मागच्या बाजूला आर, एल, सी ही अक्षरं असतील. आर म्हणजे साधा बल्ब-हीटर, एल म्हणजे गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर, सी म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर. ज्यावर सी नाही तो एलईडीसाठी नाही. तिन्ही अक्षरं असतील तर तो दोन्ही पद्धतींनी चालणारा, बहुधा मागे एक छोटं बटण किंवा स्क्रू असलेला.

एक अपवाद लक्षात ठेवा. ड्रायव्हर किंवा बल्ब बनवणाऱ्याने "फक्त लीडिंग एज" असं लिहिलं असेल तर तिथे त्याचंच ऐकायचं, माझं नाही. चांगल्या कंपन्या आपल्या डिमेबल बल्बांबरोबर तपासून पाहिलेल्या डिमरांची यादी संकेतस्थळावर टाकतात. अशी यादी मिळाली तर हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि यादीतली जोडी घ्या.

चौथी पायरी: वॅटचं गणित, वरूनही आणि खालूनही

वरची मर्यादा सगळे बघतात, खालची कोणीच बघत नाही. माझं घोडं तिथेच अडलं होतं.

ट्रायॅक एकदा चालू झाला की चालू राहायला त्याला ठरावीक किमान करंट लागतो. तो मिळाला नाही तर मधूनच सुटतो. साठ वॅटचा जुना बल्ब २३० व्होल्टवर सुमारे २६० मिलिअँपिअर घ्यायचा, ट्रायॅकचं पोट भरायचं. सात वॅटचा एलईडी जेमतेम ३० घेतो. एवढ्यावर जुना डिमर उपाशी. म्हणून त्याच्या खोक्यावर "६० ते ४०० वॅट" असं लिहिलेलं असतं. आपण ४०० बघतो आणि खूश होतो. माझे चार दिवे मिळून ३२ वॅट. साठाच्या खालीच.

आता वरची बाजू. ते ४०० वॅट तारेच्या बल्बासाठी आहेत. एलईडी ड्रायव्हर करंट सलग न घेता घोटाघोटाने घेतो, त्यामुळे तेवढ्याच वॅटला डिमरवर ताण कितीतरी जास्त पडतो. खोक्यावर एलईडीसाठी वेगळा आकडा असेल तर तोच खरा. नसेल तर अनुभवी लोक मूळ आकड्याचा एक चतुर्थांश धरतात, फार जपून वागणारे एक दशांश. मी दशांशवाली. म्हणजे ४०० चा डिमर एलईडीसाठी ४० वॅटचा. आणि त्याची किमान मागणी ६० ची! असा डिमर एलईडीला वरूनही जमत नाही आणि खालूनही. दुकानदाराने अर्ध्या किमतीत दिला तरी घेऊ नका.

तुम्हाला हवा तो "एलईडी ५ ते १०० वॅट" अशा थाटाचं काहीतरी लिहिलेला. आपल्या दिव्यांची बेरीज या दोन आकड्यांच्या मधोमध कुठेतरी पडली पाहिजे. बेरीज करताना एलईडीचे खरे वॅट घ्या. "६० वॅटच्या बल्बाइतका उजेड" असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतं, ते साठ धरून बसू नका.

पट्टीचं प्रकरण

१२ किंवा २४ व्होल्टच्या पट्टीला भिंतीवरचा डिमर लावला तर साधा एसएमपीएस चक्रावतो: सुरू, बंद, सुरू, बंद. इथे डिमर एसएमपीएसच्या आधी न बसवता नंतर, म्हणजे एसएमपीएस आणि पट्टीच्या मध्ये बसवायचा. हा पीडब्ल्यूएम डिमर पट्टी सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करतो, डोळ्याला फक्त कमीजास्त उजेड दिसतो. छोट्या रिमोटसह मिळतो. सगळ्या प्रकारांत हाच सर्वात स्वस्त आणि बिनतक्रार मार्ग आहे.

हिशेब अँपिअरचा करायचा. पाच मीटरची पट्टी, मीटरला १४.४ वॅटची, म्हणजे ७२ वॅट. बारा व्होल्टवर सहा अँपिअर. एसएमपीएस ९० ते १०० वॅटचा घ्या, डिमर आठ अँपिअरच्या पुढचा. पट्टी २४ व्होल्टची घेतलीत तर करंट निम्म्यावर येतो, लांबच्या टोकाला उजेड फारसा कमी होत नाही. मला विचाराल तर पीओपी होण्याआधीच २४ चा आग्रह धरा. सुताराने प्लाय ठोकल्यावर उपयोग नाही.

बोर्डाकडे बघायची वेळ आता आली

मुख्य एमसीबी पाडल्याशिवाय प्लेट उघडायची नाही. एमसीबी पाडण्याआधी टेस्टर चालू सॉकेटमध्ये घालून तो पेटतो याची खात्री करा आणि पाडल्यावर मगच बोर्डात तपासा. वायरिंगची सवय नसेल तर हे काम परवानाधारक वायरमनलाच द्या. पण तो काय करतोय हे कळण्यापुरतं खालचं वाचून ठेवा.

डिमर फेजमध्ये बसतो. जुन्या चाळींत आणि वाड्यांत बटण न्यूट्रलमध्ये टाकलेलं सर्रास सापडतं. दिवा लागतो-विझतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. डिमरच्या निमित्ताने ही चूक सापडली तर आधी ती दुरुस्त करून घ्या. एलईडी बंद केल्यावरही अंधारात भुतासारखा मिणमिणत राहत असेल तर पहिला संशय यावरच घ्या, दुसरा बटणातल्या छोट्या इंडिकेटर दिव्यावर.

साधा दोन वायरींचा डिमर न्यूट्रलशिवाय चालतो. वायफायचे डिमर आणि काही चांगले ट्रेलिंग एज डिमर न्यूट्रल मागतात. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर एखादं सॉकेट असतंच, त्यामुळे न्यूट्रल तिथे आलेला असतो. नुसत्या बटणांचा बोर्ड असेल, विशेषतः पलंगाशेजारचा, तर आधी बघून घ्या.

जागा मोजा. मॉड्युलर डिमर एक किंवा दोन मॉड्यूलचा येतो आणि मागे बराच खोल असतो. भिंतीतला डबा उथळ असेल, त्यात वायरींचा गुंता कोंबलेला असेल, तर डिमरला श्वास घ्यायला जागा राहत नाही. पंख्याचा रेग्युलेटर आणि डिमर एकमेकांना चिकटून बसवू नका, दोन्ही तापतात. प्लेट आणि डिमर एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेचे घ्या, नाहीतर खाच जुळत नाही आणि मग वायरमन एम-सील काढतो.

दाराशी एक आणि पलंगाशी एक असं टू-वे कनेक्शन असेल तर दोन्हीकडे डिमर लावता येत नाहीत. एकीकडे टू-वेची सोय असलेला डिमर, दुसरीकडे साधं टू-वे बटण. आईच्या खोलीत डिमर पलंगाशी ठेवला. उठून दाराशी जाऊन उजेड कमी करायचा असेल तर डिमरचा काय उपयोग?

घरात इन्व्हर्टर असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा की साइन वेव्हचा हे विचारून घ्या. डिमर लाटेचा आकार कापून बोलतो. स्क्वेअर वेव्हला तो आकारच नसतो, मग वीज गेल्यावर दिवे कुरकुरतात आणि ड्रायव्हर लवकर जातात. अशा घरात डिमरवाले दिवे इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊच नका.

आधी एक, मग सगळे

अख्ख्या घराचे डिमर आणि बल्ब एकदम घेऊ नका. एक डिमर आणि एका खोलीचे बल्ब आणा, पावती जपा, दोन संध्याकाळी वापरून बघा. संध्याकाळीच, कारण आजूबाजूच्या इमारतींतले एसी सुरू झाले की व्होल्टेज हलतं, आणि मघाशी म्हटलं तसं डिमेबल ड्रायव्हर लाटेकडे बघत असल्यामुळे त्याला ते लगेच जाणवतं.

नॉब सर्वात खाली ठेवून बंद करा आणि तिथूनच चालू करा. दिवा पेटतो का? काही जोड्या वर नेल्याशिवाय पेटतच नाहीत. मग नॉब सावकाश वर-खाली न्या. उजेड पायऱ्यांनी उडतो का, एखाद्या ठिकाणी थरथरतो का ते बघा. खोलीत पंखा बंद करून कान द्या. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा, स्लो मोशनवर. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड लुकलुकतोय, डोळ्याला कळत नसला तरी. वाचताना डोकं दुखायची तक्रार असलेल्यांनी अशी जोडी परत करावी. तासाभराने प्लेटला हात लावा. कोमट चालेल, चटका नको.

सर्वात खाली दिवा विझत किंवा थरथरत असेल तर डिमरच्या मागे किंवा नॉबखाली बारीक स्क्रू आहे का बघा. त्याने किमान उजेड ठरवता येतो. तो थोडा वर घेतला की निम्म्या तक्रारी मिटतात. वाटतं तितकं खाली जायची गरजही नसते. डोळा उजेडाचा हिशेब सरळ करत नाही: मीटरवर १० टक्के उरलेला उजेड आपल्याला साधारण ३२ टक्के भासतो. म्हणून "१० टक्क्यांपर्यंत मंद" अशी जाहिरात असलेला बल्ब रात्री झोपायला लख्खच वाटतो. झोपायच्या खोलीसाठी १ टक्क्यापर्यंत उतरणारा शोधा.

किमान लोडची शंका असेल तर एक जुनी युक्ती: चारांपैकी एका होल्डरमध्ये तात्पुरता तारेचा बल्ब लावून बघा. लुकलुक थांबली तर डिमर उपाशी होता हे नक्की. तसाच कायम ठेवू नका, कमी किमान लोडचा डिमर आणा.

एका गोष्टीची तक्रार मात्र करू नका. तारेचा बल्ब मंद केला की पिवळा-केशरी व्हायचा, समईसारखा. एलईडी मंद झाला तरी त्याचा रंग तोच राहतो. ६५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका रंग पिवळा) पांढरा दिवा मंद केला की खोली ढगाळ दुपारसारखी उदास दिसते. डिमर लावायचा असेल तर दिवा २७०० किंवा ३००० केल्व्हिनचाच घ्या. मंद होताना पिवळसर होत जाणारे खास बल्बही मिळतात, देवघरात ते फार शोभतात.

डिमर नकोच, असं केव्हा म्हणावं

बिल वाचवायला डिमर घेऊ नका. ४० वॅटचे दिवे रोज पाच तास निम्म्यावर चालवलेत तर महिन्याला तीन युनिट वाचतात. त्यात डिमरची किंमत निघायला वर्षं जातील. ओट्यावर, न्हाणीघरात, जिन्यात तो लावू नका, तिथे पूर्ण उजेडच हवा.

भाड्याच्या घरात असाल तर थ्री-स्टेप बल्ब घ्या. तेच साधं बटण पटकन बंद-चालू केलं की उजेड एक पायरी उतरतो. बोर्डाला हात लावायची गरज नाही, घर सोडताना बल्ब काढून न्यायचा. फक्त घेताना बघा: असेच दिसणारे तीन रंगांचेही येतात, त्यांचा उजेड कमी होत नाही, रंग बदलतो.

स्मार्ट बल्बही सोयीचा, पण वडीलधारी मंडळी बटण बंद केल्याशिवाय खोलीबाहेर पडत नाहीत. मग तुम्ही ऑफिसातून फोनवर कितीही बोटं फिरवा, बल्ब ऑफलाइन.

आणि रात्री पाणी प्यायला उठण्यापुरता उजेड हवा असेल तर अर्ध्या वॅटचा नाइट लॅम्प पुरतो. पूर्वीचा झिरोचा बल्ब नावालाच झिरो होता, खायचा पंधरा वॅटच्या आसपास. आताचा खरंच जवळपास झिरो आहे.

आईच्या खोलीत शेवटी चारही ड्रायव्हर बदलले, ३००० केल्व्हिनचे दिवे घेतले, आणि ट्रेलिंग एज डिमर लावला. इलेक्ट्रिशियन तेच आले. "असा पण येतो होय?" म्हणाले आणि त्यांनी खोक्याचा फोटो काढून घेतला. त्या खेपेला मी एक ड्रायव्हर जास्तीचा आणला. कारण वर्षभराने त्याच नावाचा, त्याच खोक्यातला ड्रायव्हर आतून बदललेला असू शकतो, आणि चारांत एक वेगळा आला की तो एकटाच थरथरत बसतो. जास्तीची डबी मीटरच्या कपाटात ठेवली आहे. तिच्यावर स्केचपेनने लिहिलंय: "आईची खोली. पंख्याला लावू नये."